खाटेभोवती चिंगी

चिंगी आमची पामेरियन कुत्री. मांजराएवढी, पण दिवसभर घरभर नुसती पळापळ.

"धिंगाना करून राहिली. बांध हिले," सासरे रोज म्हणायचे.

मी ऐकते कशाला. एवढ्या चपळ जनावराला दोरी लावायची? उलट रोज सकाळी मी तिला शेताच्या धुऱ्याधुऱ्याने पळवून आणायची.

परवा अंगणात खाटेवर कोहळ्याच्या वड्या वाळत होत्या. छपराच्या कवेलूंवरून माकडांची टोळी उतरली. चिंगी भुंकत खाटेभोवती अशी गरगर फिरली, की एकालाही वडीला हात लावता आला नाही. टोळी हात हलवत चिंचेवर परतली.

काल अंगण झाडताना मी चिंगीला जरा खांबाला बांधलं. सासरे ओसरीवरून गरजले, "कायले बांधली वो हिले? माकडं आली त खाटेभोवती मी पळू का?"