रडणारी काकडी

पुणतांब्याजवळच्या आमच्या वस्तीवर दर गुरुवारी दोनशे माणसं एका पत्र्याच्या शेडमध्ये जमत, काकडी रडताना बघायला. काकडी ज्याची त्याने घरून आणायची, म्हणजे लबाडीला जागाच नको. रामहरी महाराज ती सर्वांसमोर चिरत, चकत्यांवर अंगारा भुरभुरत, मंत्र म्हणत आणि ताट झाकून ठेवत. आरती संपली की झाकण काढायचं. चकत्यांवर टपोरे थेंब, ताटात पाणी.

"काकडी रडली म्हंजी तुमचे पितर रडले," महाराज सांगत. "अंगारा जिभंवर घ्यायचा न्हाई. जीभ झडंल."

आजवर न रडलेली काकडी निघाली नव्हती. अख्ख्या वस्तीत एकाही घरचे पितर सुखी नसावेत, याचं कोणाला नवल वाटलं नाही.

कडूबाईंची काकडीही रडली. त्यांची नात मोनिका बारा वर्षांची. मी विज्ञान शिकवते त्या शाळेत सातवीत होती. तिला लहानपणापासून मधुमेह, रोज इन्सुलिनची इंजेक्शनं. महाराजांनी निदान केलं, "पोरीला सुई टोचली की पितरांना लागती. सुया बंद."

सुया बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी मोनिका शाळेत आली नाही म्हणून मी घरी गेले. पोर ओकत होती, धापा टाकत होती, तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. तिची आई, कडूबाईंची सून सत्यशीला, दारातच भेटली.

"मॅडम, आत्याबाई सुयांची पेटी देईनात."

"पेटी राहू दे. पोरीला उचल."

शेजाऱ्याच्या टेम्पोतून आम्ही दवाखाना गाठला. दोन दिवस सलाईन आणि इन्सुलिन चाललं, तेव्हा कुठे मोनिकाने भूक लागल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती.

कडूबाईंनी हात जोडले. "पितरांनीच वाचवली. गुरुवारी म्हाराजांना नारळ देते, अन् सुया पुन्यांदा बंद करू."

त्या गुरुवारी मीही दोन काकड्या घेऊन शेडमध्ये गेले.

"महाराज, एका ताटावर मंत्र म्हणा, अंगारा नको. दुसऱ्यावर अंगारा टाका, मंत्र नको."

"देवाची परीक्षा बघता व्हय?"

"देवाची नाही, काकडीची."

लोक हसले. महाराजांना मागे हटता येईना. आरती झाली, झाकणं निघाली. मंत्राच्या ताटात पाण्याचा टिपूस नव्हता. अंगाऱ्याची काकडी मंत्राशिवाय ढसाढसा रडत होती.

कडूबाई उठल्या. ताटातल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी ते चाटलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. जीभ जागेवर होती.

"मीठ हाय ह्यात!"

"साधं मीठ न्हाई, सिद्ध केल्यालं मीठ हाय," महाराज बोलून गेले.

"चाळीस वर्सं कोशिंबीर करती मी. मीठ लावलं की पानी सुटतंच. त्यात पितर कुठनं आले?" कडूबाईंचा आवाज फुटला. "नात मरत हुती माजी!"

मग मी वर्गात सांगते तसंच सांगितलं. काकडी असंख्य बारीक पेशींची बनलेली असते. प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो. तो पाण्याला सहज वाट देतो, मिठाला देत नाही. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर येतं. आपल्या पेशींनाही असाच पडदा आहे. रक्तातली साखर स्नायूंच्या पेशींत नीट शिरायची तर इन्सुलिनचा निरोप लागतो, मगच पडद्यात वाट उघडते. मोनिकाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून ते सुईने द्यायचं.

सत्यशीलाने महाराजांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. घरी आल्यावर कडूबाईंनी पेटी तिच्या हातात ठेवली. "सुई कशी भरायची, ती मला बी दाव," त्या म्हणाल्या.

तुमच्या गावात कोणी चमत्कार दाखवला, तर मंत्राशिवाय तो होतो का, एवढं नक्की बघा. आणि घरात कोणी आजारी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही बंद करू नका.