आमच्या शाळेचे आदर्श दात

सोलापूरहून दातांचे डॉक्टर तपासणीला येणार म्हटल्यावर सिद्रामप्पा गुरुजींनी आठवडाभर आमचे दात घासून घेतले, म्हणजे भाषणांनी. मिश्रीनं हिरड्या कशा कुजतात हे ते पोटतिडकीनं सांगत. सांगून झालं की शाळेमागं जाऊन खिशातली मिश्रीची डबी काढत आणि बोट तोंडात घालत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पण गुरुजी कोरडे कुठले, सारखे थुंकत असत.

आमच्या वर्गातल्या मायाक्काची दाढ महिनाभर ठणकत होती. गाल सुजून डोळा बारीक झाला होता. तिच्या आईनं, चिमाबाईनं, गावानं सांगितलेले सगळे इलाज केले, म्हणजे दाढेत मिश्रीच दाबली. सांगोल्याकडचं आमचं गाव, त्यात दुष्काळ. मेंढरं सोडून पोरीला सोलापूरला न्यायचं कुणी? डॉक्टरच गावात येतोय हे ऐकून मायलेकींना देव भेटल्यागत झालं.

गुरुजींना मात्र डॉक्टरसाहेबांकडून शाबासकी हवी होती. तपासणीच्या सकाळी त्यांनी आम्हाला ओळीत उभं करून तोंडं उघडायला लावली आणि मायाक्कासकट किडक्या दातांची पोरं वेचून सुकडीच्या खोलीत कोंडली. दुष्काळात सरकारनं पोरांना खायला पाठवलेल्या त्या गोड पिठाची पोती तिथंच रचलेली होती. किडक्या दातांची याहून चांगली सोय कुणाला सुचली असती?

डॉक्टरांनी आमचे दात पाहिले, "आदर्श शाळा" म्हणाले, चहा प्याले आणि जीपकडे निघाले. तेवढ्यात मायाक्का खिडकीतून उडी टाकून पळत आली आणि त्यांच्यापुढं आ वासून उभी राहिली.

"ही कोण?"

"आमच्या शाळंची न्हाय, साहेब," गुरुजी हसत म्हणाले. "मेंढरामागं फिरती की ही."

"मग मला काही करता येणार नाही. आदेश फक्त शाळेतल्या मुलांपुरता आहे."

नियमाला जपणारा माणूस. हत्यारांची पेटी जीपमध्ये ठेवून ते गेले. मायाक्का धुरळ्यात तशीच तोंड उघडं ठेवून उभी राहिली. गुरुजींचा मला असा राग आला की त्यांचेच दात पाडावेत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरपंच हार घेऊन आले. गळ्यात हार घालून गुरुजी हजेरी घ्यायला बसले.

"मायाक्का."

गाल धरून ती उठली. "मी ह्या शाळंची न्हाय, गुर्जी. काल तुमीच डाक्टरला सांगितलं की."

सरपंचांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींना काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडात मिश्री होती. ती थुंकून ते परत येईपर्यंत मायाक्का दप्तर घेऊन निघून गेली होती. गुरुजींनी पुढचं नाव घेतलं.