सोन्याचं पापलेट

पाचूबंदरात त्या वर्षी मासळी कमी आणि भक्त जास्त झाले होते. सुकट वाळवायच्या जागेवर मांडव पडला होता आणि मांडवात, केळीच्या पानावर, एक पापलेट पहुडलं होतं. अख्खं सोन्याचं! नारळ फोडायला एक रांग, मेणबत्ती लावायला दुसरी. पापलेटाला धर्मभेद मान्य नव्हता.

मागे मत्स्यानंद महाराज बसले होते. "दाबून बघा," ते सांगत. "मेलेलं सोनं कडक असतं. हे जिवंत सोनं आहे. फक्त शेपटी धरू नका, समाधी मोडते."

कोळणी बोट लावत. बाजारात मासा त्या असाच पारखतात: दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर शिळा, भरून आला तर ताजा. इथला खळगा लगेच भरून येई. बोटाखाली सोनेरी कातडीवर बारीक सुरकुत्या उठत आणि विरत. महाराज म्हणत, श्वास घेतंय. महिनोन्महिने बर्फाशिवाय ताजा राहतो तो मासा नव्हे, देवच, असं सगळ्यांचं ठरलं. एक मांजर मात्र वास घेऊन तोंड फिरवून गेलं. त्याला नास्तिक ठरवण्यात आलं.

गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या इनेझबाई एरवी हसून सोडून देत्या. पण त्यांच्या धाकट्या भावाला, ज्युलियसला, क्षय होता. दवाखान्याच्या गोळ्यांनी खोकला उतरला होता, तोच महाराजांनी पापलेट त्याच्या छातीवर ठेवलं आणि गोळ्या बंद करवल्या. खोकला पुन्हा चढला. औषध अर्ध्यावर सोडलं तर दुखणं हाताबाहेर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यांचा जुना विद्यार्थी गॅब्रिएल वसई पूर्वेला प्लास्टिकच्या खेळण्यांना चकाकी चढवायचा कारखाना चालवी. बाई डब्यात एक ताजा बोंबील घेऊन त्याच्याकडे गेल्या.

रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपल्यावर त्यांनी पापलेटाशेजारी सोन्याचा बोंबील ठेवला. तोही मऊ, लुळा, लखलखीत. मग त्यांनी सगळं उघड करून सांगितलं. बोंबलाचा साचा काढून त्यात सिलिकोन रबर ओतलं. तो रबरी मासा बंद पिंपात ठेवून आतली हवा पंपाने उपसली. तापलेल्या तारेवर ॲल्युमिनियमची वाफ झाली आणि माशावर जाऊन बसली, केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. वरून पिवळं व्हार्निश. यात गुंजभरही सोनं नाही.

मग म्हाताऱ्या रखमाबाईंनी पुढे होऊन बोंबलाला फूल वाहिलं. बाईंनाही सिद्धी आली, असं कोणीतरी पुटपुटलं आणि बघता बघता बोंबलाची वेगळी रांग लागली. महाराजही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बोंबील हा पापलेटाचा धाकटा भाऊ, असं जाहीर करून त्यांनी बाईंना शेजारी पाट मांडला. बाईंनी कपाळाला हात लावला.

गर्दीतून ज्युलियस खोकत आला आणि बोंबलापुढे गुडघे टेकून बसला.

"बाय, तुझा बोंबील सांगल तर गोल्या घेन."

एका शब्दाचं काम होतं. बोंबील हो म्हणतो, एवढं म्हटलं असतं तर भाऊ वाचत होता. तो शब्द बाईंच्या ओठांवर आलाही. पण आज बोंबलाचं ऐकणारा उद्या पुन्हा पापलेटाचं ऐकेल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी बोंबील दोन्ही टोकांना धरून ताणला. रबर ताणलं गेलं, धातू ताणला जाईना; सोन्याला भेगाच भेगा पडल्या आणि मधून पांढरं रबर दिसू लागलं. मग पापलेट उचलून त्यांनी ज्युलियसच्या हातात दिलं.

"आता हे तू ओढ."

महाराज समाधी, समाधी म्हणत उठले. ज्युलियसने शेपटी ओढली. पापलेटही तसंच तडकलं. सगळे वाकून ते बघेपर्यंत महाराज सोवळं सावरत एसटीच्या थांब्याकडे निघाले होते.

"बोंबील काही सांगत नाही, ज्युलियस," बाई म्हणाल्या. "मी सांगते. आणि मी सांगते म्हणूनसुद्धा घेऊ नकोस. का घ्यायच्या ते विचार. पटलं तर घे."

ज्युलियसने विचारलं. खोकला थांबल्यावरही गोळ्या का? बाई वाळूत बसून जंतूंबद्दल सांगू लागल्या: थोडे मरतात, चिवट मागे उरतात, औषध सोडलं की तेच वाढतात. तो वाद घालत राहिला, पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आणि बाईंना आयुष्यात कुठल्याही विद्यार्थ्याचा इतका आनंद झाला नव्हता. मांडव रिकामा झाला तरी दोघं बोलतच होते.

शेवटी त्याने हात पुढे केला.

"दे गोली. आनि पानी."