रंगाऱ्याच्या घरची खिडकी

रंगाऱ्याला गल्लीत सगळे उचापत्या म्हणायचे, आणि त्याला त्याची काडीची लाज नव्हती. लोकांची घरं रंगवून डब्याच्या तळाशी उरलेला रंग तो घरी आणायचा. म्हणून त्याच्या एका खोलीच्या भिंती चार घरच्या चार: एक दवाखान्याची हिरवी, एक शाळेची पिवळी, एक कुठल्याशा हॉटेलची लालभडक. आणि चौथीवर खिडकी. खरी नाही हो! खरी पाडणार कुठं, पलीकडे गोदामाची भिंत पाठीला पाठ लावून उभी. लेक रांगत होती तेव्हा यानं ब्रशनं काढली. चौकट, गज, अर्धवट सरकवलेला पडदा, मागे डोंगर, आणि डोंगरावर एक गाढव, कारण गाढव त्याला झकास जमायचं.

उकाड्यानं जीव नकोसा झाला की हा बोंब मारायचा, "अरे, कुणीतरी खिडकी उघडा की!" लेक धावत जाऊन हवेतली कडी काढायची. मग बापलेक थंडीनं कुडकुडायचे. बायको ताटलीनं वारा घेत म्हणायची, "घरात एक वेडं पुरे नव्हतं, तुम्ही दुसरं तयार केलंत."

ती लेक कॉलेजात गेली. कॉलेजनं परदेशी सहल काढली, गरिबी समजून घ्यायची म्हणून, आणि खर्चही कॉलेजनंच उचलला. उचापत्यानं गल्लीभर डंका पिटला. "आमची पोरगी गरिबी बघायला विमानानं चाललीय! इथली पायी दिसते, तिला कोण विचारतो?" आठवडाभर लोक हसत होते.

ती परत यायच्या दिवशी यानं दारावर एक घंटा रंगवून ठेवली. अगदी खरी वाटावी अशी, पितळी चमक वगैरे. आणि दाराआड कान लावून बसला. वाजवायला जाईल, फसेल, चिडेल, मग खिदळेल!

बाहेर पावलं थांबली. मग दार ढकललं गेलं.

"अगं, घंटा!"

"बघितली, बाबा."

"मग वाजवली का नाहीस?"

"रंग ओला होता."

ती खाटेच्या कडेला टेकली. बॅग मांडीवरच. आईनं पाणी दिलं, तोंडावरून हात फिरवला. "वाळलीस गं. काय काय दाखवलं तिकडे?"

"एका वस्तीत नेलं आम्हाला. आमच्या कॉलेजच्या बाई म्हणाल्या, इथं शहरातली सगळ्यात गरीब माणसं राहतात. मग एका घरात गेलो. नवरा, बायको, पोरं. खोलीत नळ होता. दाराआड संडास, त्यांचा स्वतःचा."

"पत्ता चुकला असेल तुमच्या बाईंचा!" उचापत्या हसला. एकटाच.

"माझी मैत्रीण रडायला लागली, बाबा. म्हणाली, माणसं अशी कशी राहू शकतात? सगळ्यांचे डोळे भरले. बाईंनी मला विचारलं, तुला काय दिसतंय? मी म्हटलं, खिडकी."

"बरं मग?"

"उघडी होती. पडदा हलत होता. मी बघतच बसले. बाईंना वाटलं, मला शब्द फुटत नाहीत इतकं वाईट वाटलंय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला."

"सांगायचंस नाही का, आमच्या खिडकीत गाढवसुद्धा आहे म्हणून?"

ही असली कोटी ऐकून ती लहानपणी लोळायची. आता तिनं नुसतं भिंतीकडे पाहिलं. तेवढ्यात आईला ढास लागली. ओल्या रंगाचा वास तिला कधीच सोसायचा नाही.

"आईचा खोकला कधीपासूनचा आहे?"

"तो? तो तर घरातला सगळ्यात जुना भाडेकरू!"

"बाबा, मी विचारतेय."

बोलली ती आई, धाप टाकत, अगदी साध्या आवाजात. तक्रारसुद्धा नव्हती त्यात.

"तू रांगायचीस तेव्हापासूनचा. आधी खिडकीवाली दुसरी खोली शोधायचे गं हे. रोज कामावरून येताना चौकशी करून यायचे. मग ते चित्र काढलं. तू बघून टाळ्या पिटल्यास. त्यानंतर शोधणं राहूनच गेलं."

राहूनच गेलं. रंगाऱ्यानं "अगं, तसं नाही," म्हणायला तोंड उघडलं, पण तसंच होतं. पोर हसली आणि याला वाटलं, झालं काम.

"उद्याच शोधतो!" तो एकदम ओरडला. "खोली कसली, बंगलाच बघतो! सगळ्या भिंती खिडक्यांच्या, भिंतच नको! शेजारीपाजारी म्हणतील, यांचं छप्पर टिकतंय कशावर?"

आणि लेक हसली.

मान थोडी कलती, डोळे ओले, आवाज मऊ. "भारी, बाबा," म्हणाली.

हे हसू त्याच्या ओळखीचं होतं. ज्यांची घरं तो रंगवायचा त्या बायका जुने कपडे हातात देताना असंच हसायच्या, समोरच्याला लागू नये म्हणून जपून. त्या परक्या वस्तीतल्या बापानंही दारात उभं राहून हेच हसू झेललं असणार, सगळ्या पोरापोरींचं, ओळीनं.

बायको खोकत होती. लेकीनं उठून तिची पाठ चोळायला घेतली. उचापत्या जिथं उभा होता तिथंच राहिला. आपल्याच घरात हात कुठं ठेवावेत, ते त्याला कळेना.