मध्यंतरापर्यंतचा अंदाज

तार आली तेव्हा महिपत रत्नागिरीच्या एसटी डेपोत गाडीखाली आडवा होता. लांजा गाडीच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता आणि नट गंजून बसला होता. शिवा कारकून खाली वाकला आणि म्हणाला, "महिपत, बाहेर ये. आधी हात पूस."

महिपतने हात पुसले. तार इंग्रजीत होती, म्हणून शिवानेच वाचून दाखवली. गुणवंती सीरियस, ताबडतोब निघा. गुणवंती महिपतची बायको; तार मुंबईहून तिच्या भावाने, विठूने, पाठवली होती. तारेत सीरियस लिहिलेलं असलं की काय समजायचं ते डेपोतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. महिपतलाही ठाऊक होतं. तरी त्याने विचारलं, "सीरियस म्हणजे किती?"

शिवा म्हणाला, "दोनची मुंबई हाय. पुढची सीट ठेवायला सांगतो."

सत्त्याऐंशी सालचा जानेवारी होता आणि वार शनिवार. गुणवंतीच्या पोटाचं ऑपरेशन मंगळवारी ठरलं होतं. महिपत तिला आठवड्यापूर्वी विठूच्या घरी पोचवून रजा वाचवायला परत आला होता, सोमवारी पुन्हा जाणार होता. ऑपरेशनपर्यंत काही होईल असं कोणी म्हटलं नव्हतं.

दोनची गाडी लागायच्या आधी मंडणगडहून गाडी आली. तिचा कंडक्टर वर्कशॉपच्या दारात उभा राहिला आणि खाकी पिशवी पुढे करून म्हणाला, "वहिनींची पिशवी. मंडणगडच्या रावजींनी सांगितलंय, यावेळी लवकर पाठवा." त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. महिपतने पिशवी घेतली, खुंटीला अडकवली आणि मुंबईला गेला.

त्या पिशवीचं सांगायला हवं. गुणवंती रत्नागिरीच्या झाडगावातल्या एका लहान वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या कामाला होती. तिथे तिला विज्ञानकथांचा नाद लागला. उडत्या तबकड्या, यंत्रमाणसं, समुद्राखालची शहरं, असलं काही छापून आलं की ती आधी स्वतः वाचायची आणि मग लोकांना द्यायची. पुढे तिने हाताने लिहून एक अंक काढला. नाव ठेवलं 'पुढचं पान'. कुठल्या दिवाळी अंकात अशी गोष्ट आलीय, कुठला सिनेमा येतोय, गावात टीव्ही दिसायला लागल्यापासून त्यावर काय लागलं, याच्या बातम्या असायच्या, आणि त्यावर तिचं मत. एका गोष्टीत चंद्रावर गेलेला मुलगा परत येताना आईला लुगडं घेऊन येतो. गुणवंतीने लिहिलं, "चंद्रावर दुकान आहे हे लेखकाने आधी सांगायला हवं होतं."

अंकाची प्रत एकच. ती महिपतच्या जुन्या खाकी पँटीतून शिवलेल्या पिशवीत घालून कंडक्टरच्या हाती द्यायची. रत्नागिरीहून ती लांज्याला सोनूबाईंकडे जायची. त्या शाळेत शिकवायच्या. तिथून गुहागरला दाजींकडे, मग मंडणगडला रावजी कंपाउंडरकडे आणि परत. ज्याच्याकडे पिशवी जाईल त्याने मागच्या पानावर आपलं मत लिहिल्याशिवाय ती पुढे सोडायची नाही, हा नियम. नऊ वर्षं हे चाललं होतं. महिपतने पिशवी इकडून तिकडे शेकडो वेळा नेली, पण आत उघडून कधी पाहिलं नव्हतं. सातवीपर्यंत शिकलेला, पाटे आणि बेअरिंग जाणणारा माणूस. त्याला चंद्राशी काय करायचंय.

अंकात सगळे आधी उघडायचे ते पान 'मध्यंतरापर्यंत'. सिनेमा असला की गुणवंती मध्यंतराला वही काढून पुढे काय होणार याचा अंदाज लिहायची. पहिल्याच वर्षी एकदा अंदाज चुकला, आणि तिने पुढच्या अंकात त्याचं नाव काढलं नाही. तेव्हा गुहागरच्या दाजींनी मागच्या पानावर लिहिलं, "अंदाज सांगणारे पुष्कळ भेटतात. चुकल्यावर सांगणारा एक दाखवा." दाजी आयुष्यभर परदेशी जाणाऱ्या जहाजावर खलाशी होते. सिंगापूरला आणि कुठे कुठे सिनेमे पाहिलेले, त्यामुळे तोंड फार. गुणवंतीला ते झोंबलं. त्यानंतर ती दर अंदाजाखाली दोन चौकोन काढायची, एक बरोबरचा आणि एक चूकचा. चुकलं तर खाली का चुकलं ते तीन ओळींत लिहायचं. त्या तीन ओळी ती पट्टीने आधीच आखून ठेवायची. बरोबरपेक्षा चूकच जास्त निघायचं. लोक त्या तीन ओळींसाठीच अंकाची वाट बघायचे असं रावजी म्हणत.

तेराव्यानंतर विठूने तिचं सामान महिपतच्या हवाली केलं. दोन लुगडी, चष्मा, औषधाची चिठ्ठी, वही. विठूची बायको म्हणाली, "गुरुवारी मी त्यांना सिनेमाला नेलं होतं. शुक्रवारपासून तो आमच्या जवळच्या थेटरातून उतरणार होता, म्हणून ऐकेचनात. मध्यंतराला पोटात कळ आली म्हणून उठलो. बाहेर बाकावर बसून पहिलं काय केलंन, तर वही काढलीन."

रत्नागिरीला परत आल्यावर महिपतने वही उघडली. सिनेमात रेडिओ दुरुस्त करणारा एक तरुण आहे, असं तिने लिहिलं होतं. त्याच्याकडे आलेला एक जुना रेडिओ उद्याच्या बातम्या सांगतो. पूल पडला म्हणून सांगतो आणि दुसऱ्या दिवशी पूल पडतो. मध्यंतराला रेडिओ मेलेल्यांची नावं वाचतो, त्यात त्या तरुणाचंच नाव. खाली अंदाज होता. "बातम्या देणारा आवाज नायकाचाच आहे. नीट ऐकलं तर कळतं. तो उद्यामध्ये अडकलाय आणि तिथून स्वतःला सावध करतोय. यावेळी माझी खात्री आहे." दोन रिकामे चौकोन, तीन आखलेल्या ओळी. त्याखाली बारीक अक्षरात, "उरलेलं मंगळवारनंतर."

महिपतने ते पान जपून कापलं आणि डिंकाने पिशवीतल्या अंकात चिकटवलं. आपल्याला मत लिहिता येत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून मागच्या पानावर त्याने एवढंच लिहिलं, "गुणवंती दहा जानेवारीला वारली. हा शेवटचा अंक. महिपत." आणि पिशवी लांजा गाडीला दिली.

पिशवी परत आली ती मार्चअखेरीला. सोनूबाईंनी दोन पानं भरून लिहिलं होतं. दाजींनी बरोबरच्या चौकोनात ठसठशीत खूण केली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "डोळे दाखवायला मुंबईला गेलो होतो, तेव्हा सिनेमा पाहिला. बाय, यावेळी तू जिंकलीस. दाजी." रावजींनी खाली लिहिलं होतं, "दाजींनी हार कबूल केली, हेच एक नवल."

महिपतला बरं वाटलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदाच तो दुसऱ्यांदा भात वाढून घेऊन जेवला. डेपोत त्याने शिवाला सांगितलं, कंडक्टरांना सांगितलं, शेजारच्या आवडाबाईंना सांगितलं की गुणवंतीचा शेवटचा अंदाज बरोबर आला. आवडाबाईंना अंदाज कसला ते कळलं नाही, पण त्या म्हणाल्या, "शाणीच होती ती."

मेमध्ये तो सिनेमा रत्नागिरीला आला. रविवारी महिपत तीनच्या खेळाला गेला. तिकीट काढलं आणि बाहेर पायरीवर बसला. दारावरचा बाबल्या म्हणाला, "सुरू झाला. जा की आत."

"मध्यंतरानंतर जातो. पयला अर्धा माजा झालाय."

"कुठे पायलास?"

"घरी," महिपत म्हणाला.

बाबल्या हसला, पण मध्यंतराला त्यानेच हाक मारून आत सोडलं.

उत्तरार्ध दीड तासाचा होता. आवाज खरंच नायकासारखा होता, ते महिपतलाही कळलं. पण कोणी उद्यामध्ये अडकलं नव्हतं. सोन्याची चोरटी ने-आण करणारी टोळी होती. गावातली माणसं पळून जावीत म्हणून तीच रेडिओवरून खोट्या बातम्या द्यायची आणि तीच सुरुंगाने पूल उडवायची. बातम्या वाचणारा निघाला नायकाचा लहानपणी हरवलेला जुळा भाऊ. शेवटी भावाने भावाला ओळखलं, मारामारी झाली, आंधळ्या आईला दिसायला लागलं. लोक शिट्ट्या मारत बाहेर पडले.

महिपत बसून राहिला. झाडूवाली आली तेव्हा उठला.

पुढच्या सुट्टीला तो पिशवी घेऊन सकाळच्या गाडीने गुहागरला गेला. दाजींचं घर समुद्राच्या बाजूला, पोफळींच्या आत. दाजी अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती.

"ये रे. दाढी केलीस ता बरा केलास. बस. चाय सांगू?"

"नको. दाजी, सिनेमा पायला मी."

दाजींनी हातातली सुपारी खाली ठेवली नाही. "कुठला?"

"रेडिओचा."

"मग? कसा वाटला?"

"तुम्ही बरोबरवर खूण केलीत."

"केली. आवाज नायकाचाच होता की नाय? दोघांचा काम एकाच नटाने केलान. मंग?"

"तो भाव होता."

"भाव असला तरी घसा एकच."

"दाजी, तिने उद्यात अडकलाय असा लिवलान. उद्या नव्हताच त्यात कुठे. स्मगलर होते."

दाजींनी हातातली सुपारी सोलून टाकली. मग म्हणाले, "तुला सांगतो महिपत, तिचा शेवट खरा होता. त्या सिनेमावाल्यांना जमला नाय. मी अर्ध्या जगातले सिनेमे पायलेत, असला शेवट कुठे बघितला नाय. चूक त्यांची. मग तिला चूक का द्यायची?"

"ती म्हणायची, आपल्याला काय हवा होता ता वेगळा आणि पडद्यावर काय झाला ता वेगळा. चंद्रावरच्या लुगड्याला सोडलान नाय तिने. स्वतःला सोडलान असता?"

"नऊ वर्षं भांडलो मी तिच्याशी. मेलेल्या माणसाशी भांडू?"

"तिची नऊ वर्षं तेवढीच मजा होती," महिपत म्हणाला. "तुमचा वाचून एकटीच हसायची. मला विचारायची, ऐकवू का, दाखवू का? मी म्हणायचो, झोपायला दे. तुम्ही खोटा लिवलात, आणि मी गावभर सांगितला. डेपोत सांगितला. आता कोण सिनेमा बघून येईल आणि म्हणेल, महिपतच्या बायकोला बरोबर-चूक कळत नव्हता."

दाजींनी सुपारी खाली ठेवली. धोतराला हात पुसले. "खोड मग तूच. माझ्या हाताने व्हायचा नाय."

महिपतने अंक काढला. दाजींनी आतून पेन आणून दिलं. बरोबरच्या चौकोनावर महिपतने एकच रेघ मारली, जॉबकार्डावर चुकलेला नंबर खोडताना मारतो तशी, खालचं वाचता येईल अशी. चूकच्या चौकोनात खूण केली. शेजारी मोकळ्या जागेत त्याने लिहिलं, "सिनेमा रत्नागिरीत पाहिला. आवाज भावाचा होता. टोळि होती. उद्या वगैरे काही नव्हतं. अंदाज चुकला." लिहायला बराच वेळ लागला. ओळ वर चढत गेली.

दाजींनी कागद डोळ्याशी धरून वाचला. "टोळी ऱ्हस्व नाय लिवायची," म्हणाले. मग स्वतः पेन घेतलं आणि आपल्या जुन्या मजकुराखाली लिहिलं, "मी खोटं लिहिलं. दाजी."

"आता बरा वाटला तुला?" त्यांनी विचारलं.

"नाय," महिपत म्हणाला. "चाय सांगा."

चहा झाला. दाजींच्या सुनेने पोफळीच्या पानात थोडी सुपारी बांधून दिली. निघताना दाजी अंगणाच्या कडेपर्यंत आले. महिपतच्या हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाले, "आणि खालच्या तीन ओळी? नियम माझाच हाय, म्हणून विचारतो."

"त्या मला कशा लिवता येतील? का चुकला ता तिलाच ठावं."

"मीही लिवणार नाय," दाजी म्हणाले. "मी लिवला तर त्यात पण काय तरी गोड घालीन."

पिशवी मंडणगडच्या गाडीला दिली. पावसाळ्याच्या आधी ती परत आली. रावजींनी नवीन मत लिहिलं नव्हतं, फक्त "वाचलं" आणि तारीख. महिपतने डेपोत शिवाला सांगितलं की गुणवंतीचा अंदाज चुकला होता. आवडाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मेल्या माणसाचा कोणी असा सांगतो का रे?" तो म्हणाला, "ती सांगायची."

पिशवी आता वर्कशॉपच्या नाही, घरच्या खुंटीला आहे. पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. सोनूबाईंनी निरोप पाठवला होता की अंक पुढे काढायचा असला तर त्या बातम्या गोळा करतील. महिपतने अजून उत्तर दिलेलं नाही. शेवटच्या अंकात चूकच्या चौकोनाखाली गुणवंतीने पट्टीने आखलेल्या तीन ओळी आहेत. त्या लिहायच्या राहिल्या आहेत.