सरांच्या खुर्चीवरचा हार

माझा वेत जागोजागी उसवलाय, एक पाय लंगडा आहे, तरी मित्रांनो, लोक माझ्या पाया पडतात! मी कोपरगावच्या नृसिंह सरांची लिहायची खुर्ची. माझ्यावर बसून सरांनी अकरा कादंबऱ्या लिहिल्या. त्यातले अण्णा सगळ्यांचे लाडके. हसरे, मायाळू, दारी आलेल्याला पोटाशी धरणारे.

सर मात्र तसे नव्हते हो! तिरसट आणि घुमे. शिर्डीला आलेले वाचक वाट वाकडी करून यायचे, अन् "काय काम आहे?" एवढंच ऐकून हिरमुसून परतायचे. मला सरांचा राग यायचा. पण अण्णांच्या एका वाक्यासाठी रडकुंडीला आलेले सरही मीच पाहिलेत. त्यांची सगळी माया तिथंच खर्च व्हायची.

शेवटी त्यांच्या पत्नीनं, अंबिकाबाईंनी, तोड काढली. "तुम्ही आत बसा. मी त्यांना खुर्ची दाखवते." माझ्यावर सरांचा फोटो आला. सरांनाही सुटल्यासारखं झालं. आठवड्याभरात कुणीतरी त्या फोटोला गुलाबाचा हार घातला. जिवंत माणसाच्या फोटोला हार! बाईंच्या काळजात चर्र झालं, पण पाहुण्याला दुखवायचं कसं, म्हणून त्यांनी तो तसाच राहू दिला. मग रोज हार पडू लागले. लोक रडायचे, समाधानानं जायचे.

आणि सर विरू लागले. आधी आवाज अगदी बारीक झाला. मग बाई त्यांचं ताट वाढायला विसरू लागल्या.

परवा भर दुपारी सर बाहेर आले, फोटो खाली ठेवून माझ्यावर बसले. देवा रे! माझा वेत करकरलाच नाही. त्यांना वजनच नव्हतं.

तेवढ्यात राहात्याच्या पंकजाताई हार घेऊन आल्या. "फोटू खाली कुनी ठिवला, बाई?" म्हणत त्यांनी तो उचलला आणि सरांच्या छातीतून आरपार माझ्या पाठीला टेकवला.

"अहो, मी आहे अजून," सर पुटपुटले.

ताईंनी हात जोडले. "अन्ना, लई आधार दिला तुमी. भेट तेवडी ऱ्हायली."

"फार मायाळू होते," अंबिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. सर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग उठून भिंतीशी जाऊन उभे राहिले.

मित्रांनो, इकडं याल तेव्हा हार आणू नका. फोटो बाजूला करा आणि जरा मोठ्यानं म्हणा, "सर, बसा ना." तिरसटपणे बोलले तर बोलू द्या. ते अजून उभेच आहेत.