सदतीस नंबरचा कागद

अंबरनाथच्या शाळेत शिकवणाऱ्या मालिनीबाई कल्याणहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाला शाळांच्या बातम्या पाठवीत. बातम्या म्हणजे काय, तर बदलापूरच्या शाळेच्या विहिरीला नवा रहाट बसला, हेंद्रेपाड्याच्या शशिकांतने लांब उडीत सगळ्यांना मागे टाकलं, कुठल्याशा शाळेतल्या मुलांनी लावलेल्या वेलाला साडेनऊ शेरांचा भोपळा धरला. संपादक त्यातल्या निम्म्या कापत. पण बाईंना खोड अशी, की साडेनऊ शेर लिहायचं तर भोपळा तराजूत चढलेला स्वतः पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. "तू मास्तरीण व्हायच्या ऐवजी फौजदार व्हायला हवं होतंस," असं त्यांचे वडील म्हणत.

१९५४ च्या जानेवारीत आसपासच्या शाळांची हस्ताक्षर स्पर्धा झाली. प्रत्येक मुलाला शिक्का मारलेला एक कागद घरी न्यायला दिला होता. ठरलेला उतारा त्यावर टाकाने लिहून आठ दिवसांत परत आणायचा. कागदावर नाव नाही, नुसता नंबर. परीक्षक दोघंच: एक मालिनीबाई आणि दुसरे निवृत्त हेडमास्तर अण्णा ओक, ज्यांना सगळे नुसतं अण्णा म्हणत.

एकशे बारा कागद होते. तीन संध्याकाळी दोघं शाळेच्या ऑफिसात बसून चाळत होते. चौथ्या संध्याकाळी अण्णांनी एक कागद उचलला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला आणि तो बाईंपुढे सरकवला.

सदतीस नंबर. अक्षर छापल्यासारखं नव्हतं. छापल्यासारखी अक्षरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. हे अक्षर जिवंत होतं. प्रत्येक 'क' आपापल्या जागी ऐटीत उभा, 'ळ'चे दोन्ही डोळे सारखे, काने सरळसोट, आणि कुठे शाईचा डाग नाही.

"पहिला," अण्णा म्हणाले.

"पहिलाच," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळांच्या मास्तरांसमोर नंबरांची यादी उघडली. सदतीस नंबर निघाला मोरिवलीच्या पुढच्या बांधणपाड्याच्या एकशिक्षकी शाळेतल्या चौथीच्या बकुळाचा. पाड्यावरच्या शाळेचं नाव कधी कुठल्या यादीत वर आलेलं नव्हतं. त्या शाळेचे हरिचंद्र गुरुजी मागच्या बाकावर बसले होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण ते उठले आणि म्हणाले, "काहीतरी चूक झालीय, अण्णा."

"कसली चूक?"

"ही पोर माझ्याकडे चार वर्षं आहे. हिशेबात हुशार, पाठांतरात हुशार, पण अक्षर..." गुरुजींनी पिशवीतून तपासायला आणलेल्या वह्या काढल्या, त्यांतली एक उघडून पुढे धरली.

वहीतली अक्षरं वाऱ्याने झोडपलेल्या भातासारखी आडवीतिडवी पडली होती. कागद सदतीस लिहिणारा हात आणि हा हात एक आहे असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

गुरुजी सरळ माणूस. आपल्या शाळेला फुकटचं बक्षीस मिळावं असं त्यांना वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते बकुळाला घेऊन आले. नऊ-दहा वर्षांची, काळीसावळी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली पोर. अण्णांनी तिच्यापुढे दौत-टाक ठेवला आणि उताऱ्याच्या पहिल्या दोन ओळी लिहायला सांगितल्या. तिने उजव्या हातात टाक धरला, ओठ आत ओढले आणि लिहिलं. लिहिलं ते वहीसारखंच: वेडंवाकडं, थरथरतं.

"हा कागद तू लिहिलास?" अण्णांनी विचारलं.

बकुळाने मान हलवली. होय.

"मग आता का येत नाही?"

ती नुसती गुरुजींकडे बघत राहिली.

ती गेल्यावर अण्णांनी सदतीस नंबरवर लाल शाईने रेघ मारली. "घरच्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतलंय. पोरीला दोष नको द्यायला. मालिनी, तुझ्या बातमीत आता दुसऱ्या नंबराच्या मुलीचं नाव पहिलं घाल."

"पाड्यावर असं अक्षर असलेलं आहे तरी कोण?" बाई म्हणाल्या.

"ते शोधणं आपलं काम नाही."

अण्णांचं म्हणणं बरोबर होतं. तरी बाईंनी तो कागद पर्समध्ये घातला. त्यांना बक्षिसाचं काही नव्हतं. त्यांना फक्त कळायला हवं होतं.

दोन दिवस त्या कागद उजेडात धरून पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या शाळेतून टेकचंद मास्तर मुलांची चित्रं पोचवायला आले. सिंधमधून येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. मराठी हिंदीत कालवून बोलत. टेबलावरचा कागद पाहून ते थांबले.

"वा! ये किसका? आमच्या माणसाचा वाटतो."

"तुमच्या कसा?"

टेकचंदांनी शब्दांवरच्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. "ये देखो, बहनजी. टाक दौतीत बुडवून आणला की सुरुवातीला शाई जास्त. लकीर जाडी. मग पतली. तुमचे लोक डावीकडून उजवीकडे जातात, तर जाडी कुठे पाहिजे? डावीकडे. इथे उलटं आहे. सिंधी आम्ही उजवीकडून लिहितो ना, माझी पण लकीर अशीच येते."

बाईंनी भिंग आणलं. खरंच होतं. प्रत्येक शब्दावरची रेघ उजव्या टोकाला काळीभोर आणि डावीकडे येताना बारीक होत गेलेली. उरलेले एकशे अकरा कागद त्यांनी काढले आणि तास-दीड तास बसून एकेक पाहिला. अशी रेघ दुसऱ्या कुठल्याच कागदावर नव्हती.

रविवारी त्या चालत बांधणपाड्याला गेल्या. शेतांत वाल फुलला होता, आणि कारखान्याच्या कुंपणापासून पायवाट बांधाबांधाने पाड्यात शिरत होती. बकुळाची आई कौसाबाई अंगणात मुळ्याच्या ढिगाऱ्याशी बसली होती. बाईंनी आपली ओळख दिली तशी ती घाईघाईने उठली, पदराला हात पुसले.

"पोरीनं चोरी केली का, बाय? गुरुजी काय सांगत नाय, पोर काय सांगत नाय. दोन दिस जेवली नाय धड."

"चोरी नाही हो. मला फक्त एक विचारायचंय. तुमच्या ओळखीत कुणी सिंधी आहे?"

"हाय की. कंपात भाजी नेतंय ना मी रोज. सगली गिऱ्हाइकं सिंधीच."

बाईंच्या मनात गाठ सुटल्यासारखी झाली. कॅम्पातला एखादा शिकलेला, देवनागरीही छान येणारा म्हातारा, भाजीवालीच्या पोरीसाठी हौसेने कागद लिहून देणारा. झालं. फक्त नाव विचारायचं राहिलं.

"त्यांच्यातल्या कुणाला कागद दाखवला होतात? शिक्क्याचा?"

"कागद? त्यो तर पोरीनं घरातून भाईर नाय काढला. पेटीत ठेवला व्हता, उंदरानं खाऊ नये म्हनून."

बाई परत कोड्यात पडल्या. त्या ओट्यावर टेकल्या. बकुळा आईशेजारी खाली मान घालून मुळ्याच्या जुड्या बांधत होती. बाईंकडे ती बघत नव्हती, पण हात थांबले नव्हते. पाच मुळे उचलायचे, पाला सारखा करायचा, केळीच्या सोपटाचा दोर दोन वेढे फिरवून गाठ मारायची. झपाझप. एकसारख्या, देखण्या जुड्या. कौसाबाईच्या जुड्या तिच्यापुढे गबाळ्या दिसत होत्या.

बाई सहज बघत होत्या, आणि मग त्या सहज बघत नव्हत्या. उजवा हात मुळे नुसते धरून होता. दोर फिरत होता तो डाव्या हाताने.

"बकुळा," त्या हळूच म्हणाल्या, "मी पर्समध्ये टाक, दौत आणि कोरा कागद आणलाय. तू मला एक ओळ लिहून दाखव. कुठल्या हाताने लिहायचं ते मी सांगणार नाही."

पोरीचे हात थांबले. तिने आधी पाड्याच्या वाटेकडे पाहिलं, कुणी येतंय का ते. मग ती उठली, घरातून पाटी आणली, त्यावर बाईंचा कागद ठेवला आणि तो चक्क आडवा फिरवला, इतका की ओळी आता वरून खाली, तिच्या पायांकडे उतरत होत्या. डाव्या हातात टाक घेतला. अक्षरं वरून खाली उतरू लागली, एकाखाली एक, आणि ओल्या शाईवर हात कुठेही घासला जात नव्हता. शब्द पुरा झाला की टाक दौतीत बुडवून, शेवटच्या अक्षरापासून पहिल्या अक्षराकडे, तिने त्याच्यावर रेघ ओढली.

बाईंनी कागद सरळ केला. सदतीस नंबरचंच अक्षर होतं ते.

"असा कागद फिरवायला तुला कुणी शिकवलं?"

"कोनी नाय. सरल धरला तं हात काला होतंय, नि डाग परतान."

"मग ऑफिसात का नाही सांगितलंस?"

"गुरुजी व्हते ना तिथं." बकुळा कुजबुजली. "डाव्या हातानं लिवाचा नाय, असं हाय."

"मग स्पर्धेचा कागद कसा लिहिलास?"

तिने बाईंकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं. "त्यो कागद घरा नेवाचा व्हता ना, बाई!"

बाई तिथून थेट हरिचंद्र गुरुजींच्या घरी गेल्या. गुरुजींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"पहिलीत आली तेव्हा डाव्यानेच धरायची," ते म्हणाले. "मी दोन महिने तिचा डावा हात फडक्याने पाठीशी बांधून ठेवला होता. वाईट हेतूने नाही, बाई. माझाही असाच बांधला होता आमच्या मास्तरांनी."

"तुमचा?"

गुरुजी ओशाळं हसले. "आता नाही राहिलं त्या हातात काही. एवढी वर्षं झाली." मग एकदम उठून टोपी शोधू लागले. "चला. अण्णांकडे मी सांगतो."

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. बकुळाला पुन्हा बोलावलं, समोर बसवलं, आणि ती कागद फिरवून लिहायला लागली तसे ते खुर्चीतून उठून तिच्या मागे जाऊन उभे राहिले. ओळ संपल्यावर म्हणाले, "अक्षर हिचंच आहे, यात वाद नाही. पण डाव्या हाताच्या अक्षराला पहिलं बक्षीस देऊन आपण इतर पोरांना काय वळण लावतोय?"

मालिनीबाईंनी स्पर्धेचं छापील पत्रक काढलं. "अण्णा, नियम तुम्हीच लिहिलेत. 'उतारा विद्यार्थ्याने स्वहस्ते लिहिलेला असावा.' कुठल्या हाताने, ते नाही लिहिलेलं."

अण्णांनी पत्रक वाचलं. मागून पुढून वाचलं. भाषेच्या बाबतीत ते फार कडक होते. आपल्याच वाक्याला मोडता घालणं त्यांच्याने झालं नसतं.

"पुढच्या वर्षी घालीन मी तो शब्द," ते कुरकुरले, आणि सदतीस नंबरवरच्या लाल रेघेशेजारी 'रेघ रद्द' असं लिहून त्यांनी सही केली. मग बकुळाकडे वळून, आवाज उगाच चढवून म्हणाले, "आणि 'ळ' कसा काढतेस, तो परत दाखव बघू. हळू काढ."

बक्षीस समारंभाला कौसाबाई कॅम्पातला बाजार बुडवून आली होती. पोरीने बक्षीस कुठल्या हाताने घ्यावं यावर मायलेकींचं आधी घरी भांडण झालं होतं म्हणे. घेतलं तिने उजव्यानेच. "लिहीना का कसा पन," कौसाबाई मालिनीबाईंना म्हणाली, "जेवान नि देवाचं, उजव्या हातानं. तेवढं मी नाय सोराची."

फेब्रुवारीत बाई पुन्हा पाड्यावर गेल्या, वर्ग बघायला. मुलं ओळीने जमिनीवर बसून शुद्धलेखन लिहीत होती. बकुळा ओळीच्या अगदी डाव्या टोकाला, भिंतीपासून हातभर सुटी बसली होती.

"मधे बसली की शेजारच्याला कोपर लागायचं," गुरुजींनी खुलासा केला. "चार दिवस सगळ्या जागा करून पाहिल्या. ही बरी पडते."

बाई दारातच थांबल्या. ओळीतल्या आणखी एका बारक्या पोराने गुरुजींकडे चोरून पाहिलं, पेन्सिल उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि पाटी थोडी तिरकी केली.